मोठ्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज दर पावसाळ्यानंतर पडतंय? बोनेट उघडायच्या आधी चाकाजवळ हात नेऊन बघा

प्रॉब्लेम असा होता. सात सीटर, पेट्रोल, ऑटोमॅटिक, दोन लिटर टर्बो, २०२१ ची गाडी. नवीन असताना सातारा शहरात आणि गावाकडं जाऊन-येऊन साडेनऊ द्यायची, पुण्याला जाऊन आलं की साडेअकरा. मग एका वर्षी गणपतीत बघतो तर सव्वासात. सर्व्हिसिंगला टाकली, महिनाभर बरी चालली, दिवाळी झाली की परत खाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पाऊस संपला की ॲव्हरेज पण संपलं. तीन वर्षं हा खेळ चालला आणि तिसऱ्या वर्षी कारण सापडलं म्हणून हे लिहितोय, कारण आमच्या ओळखीत निदान चार जण असे आहेत की ज्यांची मोठी पेट्रोल गाडी आता फक्त लग्नाला आणि देवाला बाहेर निघते. कंपनीचं नाव घेत नाही, जे निघालं त्यात कंपनीचा दोष नव्हता आणि ते कुठल्याही गाडीत होऊ शकतं.

पेट्रोलचं रडगाणं थोडक्यात. मुंबईत मे २०२१ ला शंभरी ओलांडली, आपल्याकडं पण त्याच सुमाराला. २०२२ च्या मे मध्ये केंद्रानं एक्साइज ८ रुपये कमी केली, जुलैत राज्यानं व्हॅट ५ रुपये कमी केला, मार्च २०२४ ला तेल कंपन्यांनी अजून २ रुपये, एवढं सगळं होऊन पण शंभरच्या खाली काही आलं नाही. खालचे सगळे हिशेब मी १०५ नं करतोय, तुमच्या पंपावरचा आकडा घालून बघा. महिन्याला माझं साधारण हजार किलोमीटर होतं. ७.२ च्या ॲव्हरेजला १३९ लिटर, म्हणजे १४,५०० च्या वर. ९.४ ला १०६ लिटर, ११,२०० च्या आत. महिन्याला ३,४०० रुपये नुसते कुठंतरी घासून जात होते, आणि घासून हा शब्द मुद्दाम वापरलाय, पुढं कळेल.

इथं एक गोष्ट लोकांच्या डोक्यात बसत नाही. छोटी गाडी १५ ची १८ झाली की पेढे वाटतात, मोठी गाडी ७ ची ९ झाली की म्हणतात दोननं काय होतंय. हजार किलोमीटरला पहिल्यात ११ लिटर वाचतं आणि दुसऱ्यात जवळपास ३२ लिटर. म्हणजे ज्याची गाडी जास्त पिते त्यानंच एकेका किलोमीटरच्या मागं लागायला पाहिजे, पण तोच म्हणतो "एवढी मोठी गाडी घेतल्यावर ॲव्हरेज कशाला बघायचं". मी पण हेच म्हणायचो, पेट्रोल पंचाहत्तर होतं तेव्हा.

आता मी काय काय चुकीचं केलं ते आधी सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्या वर्षी इंजेक्टर क्लीनिंग, चार हजार. फरक शून्य. त्याच्याबरोबर टाकीत ओतायच्या बाटल्या, दोन. फरक शून्य, फक्त डिकीत वास. एअर फिल्टर नवीन. हे सगळेच सांगतात, पण कार्ब्युरेटरच्या गाड्यांत फिल्टर चोंदला की पेट्रोल जास्त जायचं, आताच्या गाडीत सेन्सर हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो, त्यामुळं फिल्टर घाण असला तर पिकअप मरतो, ॲव्हरेजमध्ये फार काही पडत नाही. बदलायचा तेव्हा बदला, पण त्यानं दोन किलोमीटर वाढतील ही आशा नको. दुसऱ्या वर्षी गाडी किंचित डावीकडं ओढायला लागली म्हणून अलाइनमेंट केलं, दीड महिन्यानं परत केलं. आता कळतंय की गाडी बिचारी तेव्हाच ओरडून सांगत होती पण मी टायरवाल्याकडं घेऊन जात होतो.

आणि पंपावर संशय. वाढे फाट्यापासून शहरापर्यंत सगळे पंप पालथे घातले. पंपावर संशय असेल तर नुसतं पंप बदलत फिरू नका, तिथंच पाच लिटरचं माप मागा. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ते माप पंपावर ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं की दाखवावंच लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो, त्याच्यापुढं असेल तर भांडा. मी एकदा मागितलं, पोरगं तोंड वाकडं करत घेऊन आलं, माप बरोबर भरलं, मीच खजील.

तर पहिलं काम, नीट मोजा. डॅशबोर्डवरचा आकडा विसरा, माझी गाडी स्क्रीनवर कायम अर्धा-पाऊण जास्तच दाखवते. टाकी फुल करा, नोझल आपोआप कट झाली की थांबा, ट्रिप शून्य करा, कमीत कमी साडेतीनशे-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर त्याच बाजूला लावून परत पहिल्या कटपर्यंत भरा, किलोमीटरला लिटरनं भागा. राउंड फिगर करायला वरून अजून शंभर-दोनशेचं कोंबायचं नाही, एक तर हिशेब चुकतो आणि दुसरं म्हणजे टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो त्यात पेट्रोल शिरलं की तो खराब होतो आणि तो खर्च वेगळाच. पाचशेचं टाकून काट्यावरून ॲव्हरेज काढणाऱ्यांशी मी आता बोलत नाही.

माझ्या ग्लोव्हबॉक्समधल्या वहीतली तीन पानं समोर ठेवली तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. मे महिन्यात ९.४. जुलै ८.९. सप्टेंबर ७.८. ऑक्टोबर ७.१. एकदम पडलेलं नाही, उतरणीवरून घरंगळल्यासारखं हळूहळू आलंय. सेन्सर गेला असता तर बहुधा एका टाकीत पडलं असतं आणि चेक इंजिनचा दिवा लागला असता. हळूहळू पडतंय, दिवा नाही, स्कॅनर लावला तर फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल ठरल्यापेक्षा किती कमी-जास्त सोडतोय तो आकडा) चार-पाच टक्क्यांत, कूलंटचं तापमान पण नव्वदच्या आसपास, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन थंडच राहतंय असंही नाही (हे बघून घ्याच, थंड राहिलेलं इंजिन पेट्रोल जास्तच मागतं). याचा अर्थ इंजिन त्याच्या परीनं बरोबर आहे, त्याला काहीतरी जास्तीचं ओढावं लागतंय.

आता मेन गोष्ट. गोडोलीत आमचे एक गॅरेजवाले मामा आहेत, कॉम्प्युटर-बिंप्युटर काही नाही, एक जॅक आणि रेडिओ. त्यांना सगळी कहाणी सांगितली, इंजेक्टर, बाटल्या, अलाइनमेंट. त्यांनी बोनेटकडं बघितलं पण नाही. म्हणाले, "दादा, हायवेला एक चक्कर मारून या. ब्रेक मारायचा न्हाई. आला की हितंच सावकाश थांबवा." मी वाढे फाट्यावरून लिंब फाट्यापर्यंत जाऊन आलो, अंगणात सोडून दिल्यासारखी थांबवली. मामांनी चारी चाकांच्या जाळीसमोर तळहात धरत एक फेरी मारली, जसं तव्यावर हात धरून बघतात भाकरी टाकायच्या आधी, तसं. पुढच्या डाव्या चाकाशी आले आणि हात झटकन मागं घेतला. "हे बघा. तुमचं पेट्रोल हितं जळतंय."

मी पुढं होऊन व्हीलकॅपला बोट लावलं आणि चटका बसला. तुम्ही लावू नका, डिस्कला तर मुळीच नाही, ब्रेक अडकलेली डिस्क दीडशे-दोनशे डिग्रीच्या वर सहज जाते. हजार-बाराशेला इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, तो घ्या, लांबूनच आकडा दिसतो. मी पण घेतला. पुढची पुढच्याशी आणि मागची मागच्याशी अशी तुलना करायची, कारण पुढचे ब्रेक जास्त काम करतात, ते मागच्यापेक्षा गरम असणारच. डाव्या-उजव्यात दहा-पंधरा डिग्रीचा फरक सोडून द्या. माझ्याकडं उजवीकडं ६४ आणि डावीकडं १५८ होतं.

जॅकवर घेतली, न्यूट्रलला टाकली. उजवं चाक हातानं फिरवलं की सुर्रकन एक फेरी पूर्ण, डावं अर्ध्यात थांबायचं आणि खर्रर्र आवाज. चाक काढलं तर आतल्या बाजूचा पॅड तीन मिलीमीटर उरलेला आणि बाहेरचा आठ. ही खूण लक्षात ठेवा. माझ्या गाडीतला कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखा धरणारा ब्रेकचा भाग) दोन पिनांवर सरकतो, पिस्टन आतला पॅड दाबतो आणि पिनांवर अख्खा कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड दाबला जातो. पिन जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही आणि ब्रेक सोडल्यावर मागं पण येत नाही, पॅड डिस्कला चिकटून राहतो. म्हणजे तुम्ही ॲक्सिलरेटर दाबताय आणि त्याच वेळी कोणीतरी ब्रेकवर अंगठा ठेवून बसलंय. ओढत होती ती पण डावीकडंच.

पण हे तर आधीच्या दोन सर्व्हिसिंगमध्ये पण साफ केलं होतं! बिलावर लिहिलंय, ब्रेक क्लीनिंग अँड ग्रीसिंग. मग परत परत का? मामांनी खालची पिन पिळून पिळून बाहेर काढली आणि तिच्यावरचा रबरी बूट माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या पेराएवढा, एका बाजूनं चिरलेला, आणि उरलेला भाग भिजवलेल्या वाटाण्यासारखा फुगलेला. आधीच्या ठिकाणी साफ करून साधं चेसिसचं ग्रीस भरलं होतं. खनिज तेलाचं ग्रीस या रबराला चालत नाही, रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. इथं सिलिकॉनचं किंवा ब्रेक कॅलिपरचंच म्हणून जे ग्रीस मिळतं तेच लागतं. म्हणजे प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर महिनाभर पिन छान सरकायची, तोवर बूट फुगायचा, चिरेतून पाणी-माती आत, पिनेला गंज, की झालं परत जाम. आणि आमचं गाव जावळीत, मेढ्याच्या पुढं, भातलावणीच्या दिवसात गाडी चाकभर चिखलात उभी असते, घरी आल्यावर वॉशिंग सेंटरला प्रेशर गन थेट चाकाच्या आत मारायची सवय. चिरलेल्या बुटात पाणी भरायला यापेक्षा चांगली सोय काय पाहिजे.

खर्च: बूट आणि पिनांचा किट साडेआठशे, पुढचे पॅड दोन्ही बाजूचे एकत्रच बदलायचे म्हणून चार हजारांच्या वर, मजुरी सातशे. इंजेक्टर क्लीनिंगच्या पावतीकडं बघून अजून जीव जळतो.

तुमच्याकडं चाक गरम निघालं पण पिना मोकळ्या असतील तर अजून एक परीक्षा आहे. चाक अडकलेलं असतानाच ब्लीडिंगचा निपल (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) थोडा सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर ऑइलचं प्रेशर अडकून राहतंय, म्हणजे ब्रेकची रबरी नळी आतून बसलीय किंवा मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा भाग) बघायला पाहिजे. नाही मोकळं झालं तर बहुधा पिस्टनच अडकलाय. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पिस्टन क्लॅम्पनं दाबू द्यायचा नाही, आधी स्कॅनरनं सर्व्हिस मोडला टाकावं लागतं, नाहीतर मोटरच तुटायची. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पिस्टनला आतून गंज चढतो. हे काम ज्याला येत नाही त्यानं यूट्यूब बघून करू नये, ब्रेक आहे राव, म्युझिक सिस्टीम नाही.

हे केल्यावर ७.१ चं ८.५ झालं. साडेनऊ नाही झालं. उरलेलं कुठं गेलं ते शोधायला अजून दीड महिना गेला पण ते सोपं होतं आणि फुकटचं होतं.

टायरची हवा २७ होती, पाहिजे ३४. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडा असतो तो खरा, टायरवर छापलेला असतो तो जास्तीत जास्तचा, त्याच्या नादाला लागायचं नाही. सकाळी गाडी थंड असताना भरायची. मग टपावरचं कॅरिअर. काकांच्या पोराच्या लग्नात लावलेलं, दोन वर्षं तसंच. हायवेला हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, ८० वरून ११० ला गेलात की जवळजवळ दुप्पट, आणि उंच गाडीच्या टपावर अजून एक जाळी उभी म्हणजे छत्री उघडून पळाल्यासारखं. काढलं. बायको म्हणाली आता गाडी टकली दिसते. दिसू दे.

टायर मोठे टाकलेल्यांसाठी खास. तुमचं ॲव्हरेज पडलंय त्यातलं थोडं खोटं आहे. २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७० आर १६ टाकला की घेर साधारण पावणेचार टक्के वाढतो, चाक कमी फिरतं, मीटर किलोमीटर कमी मोजतो. हायवेचे दगड किंवा मोबाइलचं जीपीएस धरून ५० किलोमीटर मोजा, मीटरनं ४८ दाखवले की समजा. जड टायरमुळं खरं नुकसान होतं ते वेगळं, पण निदान रोग किती आणि थर्मामीटर खोटा किती हे कळतं.

ई२० बद्दल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, विचारणार हे माहिताय. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळं फरक पडतोच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होतं की जुन्या, ई१० पर्यंत जुळवलेल्या चारचाकींना सहा-सात टक्क्यांची घट आणि ई२० साठी जुळवलेल्यांना एक-दोन टक्के. म्हणजे साडेनऊचं नऊच्या थोडं खाली जाईल. सात होणार नाही! सगळं इथेनॉलवर ढकललं की चाकाकडं बघायचं राहूनच जातं, माझं तेच झालं, पारावर बसून सहा महिने इथेनॉलला शिव्या दिल्या. वडील कारखान्याला ऊस घालतात आणि पोरगा पंपावर तोच भरून वर शिव्या देतो, आमच्या पट्ट्यातलीच गंमत.

चालवण्यात दोन गोष्टींनी खरा फरक पडला. एक, शाहूपुरीतून पोवई नाक्यापर्यंत दूध-भाजी-क्लास अशा चार चकरा मोठ्या गाडीनं बंद केल्या. थंड इंजिन पहिले दोन-तीन किलोमीटर पेट्रोल नुसतं ओतून घेतं, गरम होईतो आपण पोचलेले असतो, परत येताना परत तेच. त्या टाकीचं ॲव्हरेज वहीत ५.८ लिहिलंय. आता स्कूटर. दोन, घाट. कासवरून यवतेश्वरचा घाट उतरताना बरेच जण न्यूट्रल करतात पेट्रोल वाचवायला. उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवतात, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातंच आणि वर सगळा भार ब्रेकवर. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोडला टाकून खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक गार राहतील. ऊसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मात्र काही उपाय नाही, हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं असला की ओव्हरटेकसाठी तीनदा पाय दाबून तीनदा ब्रेक मारण्यापेक्षा मुकाट्यानं मागं राहा. आणि शेंद्रेपासून कराड-कोल्हापूरकडं सहापदरीच्या कामानं जे वळसे आहेत त्या रस्त्यावरची टाकी हिशेबात धरू नका, तिथं कुठलीच गाडी खरं बोलत नाही.

सीएनजी किट बसवू का, तर माझ्यासारखं टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिन असेल तर साधं किट त्याला नाही, आणि सात सीटर गाडीची मागची सीट सिलेंडरला देऊन मग पाच माणसंच बसवायची तर ही गाडी कशाला.

सध्या वहीत ९.२, ९.४, ९.१. या वर्षी पाऊस उघडल्यावर लिंब फाट्याची चक्कर मारली, पुढची दोन्ही ६० च्या आसपास, मागचं डावं ४८ आणि मागचं उजवं ७१. अजून ॲव्हरेजमध्ये काही दिसत नाही, पण मामांना फोन केलाय, रविवारी सकाळी या म्हणाले, "येताना ब्रेक मारू नका."